नांदेड ते जामिया उस्मानिया : एका दिवसाची सहल आणि पेटीतला एक कागद



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, मी एका सहलीबद्दल बोलतो. ते जरा गप्प झाले. माझ्या नावापुढं तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट लिहिलेली, तेव्हा त्यांना कांट किंवा शंकराचार्य अपेक्षित असणार. पण सत्तरी उलटल्यावर माणसाला एवढी मोकळीक असावी. शिवाय ही सहल इतिहासाचीच आहे. लोह्याहून सकाळी निघून रात्री परत, असा एका दिवसाचा प्रवास. त्यात आमच्या घराची, तुमच्याही पुष्कळांच्या घरांची, शंभर वर्षं येऊन जातात.

सुरुवात पेटीपासून झाली. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती निजामकालीन नोंदी शोधायला लागली, तेव्हा आपल्याकडं काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. घराघरांतल्या माळ्यावरच्या पेट्या खाली आल्या. मुन्तखब, खासरा पत्रक, जुन्या पावत्या, जे मिळेल ते लोक झटकून बघायला लागले. आरक्षणाच्या प्रश्नात मी आज शिरत नाही, तो या व्याख्यानाचा विषय नाही. पण त्या निमित्तानं एक गोष्ट उघडी पडली, की आपल्या आजोबांचे कागद आपल्याला वाचता येत नाहीत. एक तर ते मोडीत, नाही तर उर्दूत. आमच्या पेटीतही वडिलांच्या धोतराच्या घडीखाली एक उर्दू कागद निघाला. पुतण्या आशेनं घेऊन आला. मी आमच्या शेजारी राहणाऱ्या मास्तरांकडं गेलो. उर्दू शाळेत त्यांनी तीस-बत्तीस वर्षं शिकवलं. त्यांनी चष्मा वर केला, कागद उजेडाला धरला आणि म्हणाले, "सर, ही जमिनीची नोंद नाही. तुमच्या वडिलांची मार्कशीट आहे. जामिया उस्मानिया, इंटरमीजिएट."

पुतण्या हिरमुसला. मी मात्र तिथंच बसून राहिलो.

माझे वडील हैदराबादला शिकले होते एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. पण त्यांनी त्याबद्दल कधी चार वाक्यं सलग सांगितली नाहीत. १९४७ ला शिक्षण सोडलं, उमरखेडच्या कॅम्पात गेले, पुढं कंधार तालुक्यातल्या शाळांतून शिक्षक म्हणून फिरले. त्यांचं आयुष्य कॅम्पापासून सुरू झालं असं आम्ही मुलं धरून चाललो होतो. त्यामागं निजामाचं विद्यापीठ होतं हे जणू त्यांनीच पुसून टाकलं होतं.

मास्तर एकेक विषय वाचत गेले. इंग्रजी, अडतीस. उर्दू, चव्वेचाळीस. मग ते थांबले. "अख्लाकियात, एकाहत्तर." मी विचारलं, हे काय? म्हणाले, "अख्लाक म्हणजे वर्तन, नीती. अख्लाकियात म्हणजे तुमचं ते नीतिशास्त्र."

मित्रहो, मी बत्तीस वर्षं नीतिशास्त्र शिकवलं. बी. ए. ला तत्त्वज्ञान घेतो म्हणून वडिलांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "आम्हाला त्यातलं काही कळत नाही, तुझं तू बघ." आणि हा माणूस त्याच विषयात सगळ्यात जास्त मार्क घेऊन बसला होता.

उस्मानियात तेव्हा नियम असा होता की मुसलमान विद्यार्थ्यांना दीनियात, म्हणजे धर्मशास्त्र, सक्तीचं आणि बाकीच्यांना त्याऐवजी अख्लाकियात. म्हणजे वडिलांनी तो विषय निवडला नव्हता, तो त्यांच्या वाट्याला आला होता. पण एकाहत्तर मार्क कुणाच्या वाट्याला आपोआप येत नाहीत, हे मी परीक्षक म्हणून सांगतो.

तेव्हाच ठरलं, की ती जागा बघून यायची. मी, मास्तर आणि माझी नात. ती पुण्याला कायदा शिकते, सुटीत आली होती. जानेवारीचा शेवटचा आठवडा. लोह्याला रेल्वे नाही, नांदेड–लातूर रोड मार्गाची मागणी आपण किती वर्षं करतो आहोत हे मी सांगायला नको. तेव्हा जीप करून अंधारातच नांदेड स्टेशन गाठलं. गाडीत बसलो तेव्हा थंडी होती, मुदखेडला फटफटलं आणि उमरीच्या आसपास असं स्वच्छ ऊन वर आलं की नातीनं स्वेटर काढून उशाला घेतला.

हा मार्ग साधा नाही बरं का. निजामाच्या रेल्वेनं १९०० च्या आसपास हैदराबाद ते मनमाड ही मीटर गेज लाइन टाकली, गोदावरी व्हॅली लाइन म्हणत तिला. मराठवाड्याचा कापूस, धान्य, बाजार हे सगळं तिनं हैदराबादला आणि मनमाडमार्गे मुंबईला जोडलं. पण माझ्या दृष्टीनं तिनं केलेलं मोठं काम वेगळं आहे. तिनं आमच्या मुलांना शिकायला नेलं. औरंगाबादला १९२३ पासून इंटरमीजिएट कॉलेज होतं, पदवी घ्यायची तर हैदराबाद गाठणं भाग. तेव्हा परभणी, नांदेड, उमरी, धर्माबाद या स्टेशनांवरून ट्रंक आणि वळकटी घेऊन पोरं रात्रीच्या गाडीनं जात. तिसऱ्या वर्गात, आईनं बांधलेली दशमी-चटणी घेऊन.

उमरी आलं तेव्हा मी नातीला दाखवलं. जानेवारी १९४८ मध्ये इथली बँक स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली आणि वीस लाखांहून जास्त रक्कम लढ्यासाठी नेली. त्या पैशाचा चोख हिशेब ठेवला गेला, याचा अभिमान मी लहानपणापासून ऐकत आलो. मी रंगात येऊन सांगत होतो. मास्तर खिडकीतून बाहेर बघत होते. धर्माबादच्या मिरचीचा खाट डब्यात आला, कुणी तरी शिंकलं, गोदावरीच्या पुलावर बायकांनी नाणी टाकली, बासरच्या सरस्वतीला लोकांनी खिडकीतूनच हात जोडले. मास्तरांनीही नदीकडं बघत डोक्याला रुमाल बांधला. मग शांतपणे म्हणाले, "आमच्या घरी अठ्ठेचाळीस साल कुणी काढत नसे, सर. माझी आई त्या सप्टेंबरात दोन भाऊ गमावून बसली. तिनं ते मला एकदाच सांगितलं."

सप्टेंबर १९४८. माझ्या घरात त्या महिन्याचं नाव मुक्ती. १३ ला भारतीय फौजा आल्या, १७ ला निजाम शरण आला, रझाकारांनी जे केलं होतं ते संपलं. रझाकारांचा जुलूम खराच होता, गावंच्या गावं उठून सरहद्दीपलीकडं गेली होती. पण त्यानंतरच्या आठवड्यांत जे घडलं तेही खरं आहे. दिल्ली सरकारनं पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली समिती पाठवली होती. सगळ्यात जास्त माणसं ज्या चार जिल्ह्यांत मारली गेली असं तिनं नोंदवलं, त्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि आपला नांदेड. तो अहवाल कित्येक दशकं लोकांपुढं आला नाही. मी इतिहासाची आवड असलेला माणूस, दर सतरा सप्टेंबरला भाषणं केलेला, आणि शेजारच्या घरातली ही गोष्ट मला पंचेचाळीस वर्षांनी रेल्वेत कळली. यावर तिथं मी काही बोललो नाही. काय बोलणार? निजामाबादला चहा घेतला. पैसे मास्तरांनी दिले.

कामारेड्डीच्या पुढं मास्तरांनी कागद परत काढला. नातीला अक्षरं ओळखायची होती. तिला अलिफ, बे शिकवता शिकवता त्यांचं लक्ष वरच्या ओळीकडं गेलं आणि ते हसायलाच लागले. "सर, आपण चुकीच्या जागी चाललोय. यात सिटी कॉलेज लिहिलंय." परीक्षा विद्यापीठाची, पण इंटरचे वर्ग सिटी कॉलेजात, मुसी नदीकाठी, हायकोर्टाच्या समोरच्या अंगाला. वडील विद्यापीठाच्या आवारात पुढं बी. ए. च्या एकाच वर्षाला होते. ठरलं, दोन्ही बघायचं.

मल्काजगिरी मागं पडलं, आणि काचीगुड्याच्या अलीकडं एक लहानसं स्टेशन झपकन गेलं. पाटीवर नाव होतं, जामिया उस्मानिया. आमची गाडी तिथं थांबली नाही. नातीनं फोटो काढेपर्यंत पाटी गेली होती.

काचीगुडा स्टेशन १९१६ चं, घुमट आणि मिनारांचं. मराठवाड्याच्या माणसाला हे स्टेशन म्हणजे हैदराबाद. इथं उतरून पोरं सुलतान बाजाराकडं, नारायणगुड्याकडं जात, मराठी बोलणाऱ्यांच्या वस्तीत खोली शोधत. विवेकवर्धिनी शाळा याच भागातली. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक या मंडळींनी निजामाच्या राजधानीत मराठी शिक्षण जिवंत ठेवलं, ही गोष्ट आपण फार थोडी सांगतो.

रिक्षानं आर्ट्स कॉलेजपुढं उतरलो तेव्हा अकरा वाजले असतील. ऊन अगदी समोरून, आणि ती इमारत. पुस्तकातले फोटो पुष्कळ पाहिले होते, तरी माणूस गप्प होतो. गुलाबीसर ग्रॅनाइट, मध्ये प्रचंड कमान. बेल्जियमचा वास्तुविशारद अर्नेस्ट जास्पर यानं आराखडा केला, पाया १९३४ ला, उद्घाटन डिसेंबर १९३९ मध्ये. निजामानं आपले दोन माणूस जगभरची विद्यापीठं बघायला पाठवले होते. कमानी मुसलमानी शैलीच्या आणि आतले खांब अजिंठा-वेरूळच्या वळणाचे. वेरूळ आपलं, मराठवाड्याचं. खांब घेतले, भाषा घेतली नाही, असं माझ्या तोंडून निघून गेलं. नात म्हणाली, "आबा, हे तुम्ही व्याख्यानात वापरणार." वापरलं.

आता मुद्द्यावर येतो. उस्मानिया ही हिंदुस्थानच्या शिक्षणातली एक मोठी, धाडसी गोष्ट होती. १९१७ साली अकबर हैदरींनी निजामाला निवेदन दिलं. त्यांचा युक्तिवाद असा, की परक्या भाषेत शिकलेला मुलगा निम्मी ताकद भाषेवरच खर्च करतो, पाठांतर वाढतं, स्वतंत्र विचार खुंटतो, आणि शिकलेले व न शिकलेले यांच्यात दरी पडते. म्हणून उच्च शिक्षण देशी भाषेत हवं. १९१८ ला विद्यापीठ स्थापन झालं, पुढच्या वर्षी वर्ग सुरू झाले. कलकत्ता, मुंबई, मद्रास सगळीकडं इंग्रजी, आणि इथं इतिहासापासून वैद्यक-इंजिनिअरिंगपर्यंत सगळं उर्दूत. रवींद्रनाथांनी कौतुक केलं, गांधीजींनी केलं. पुस्तकं नव्हती म्हणून दारुल तर्जुमा, भाषांतराचं खातं काढलं. त्याचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक, जे औरंगाबादला राहून उर्दूचं काम करत होते. शेकडो ग्रंथ उतरवले, हजारो संज्ञा घडवल्या.

त्या संज्ञांकडं मी धंद्यामुळं जरा जास्त बघतो. लॉजिकला मंतिक, सायकॉलॉजीला नफ्सियात, मेटाफिजिक्सला माबाद-उत्-तबीयात. आमच्याकडं मराठी तत्त्वज्ञान महाकोश झाला, तीन खंड, १९७४ चा, दे. द. वाडेकरांच्या संपादनाखाली. त्यात तर्कशास्त्र, मानसशास्त्र, सत्ताशास्त्र. त्यांनी अरबीकडं हात पसरला, आम्ही संस्कृतकडं. दोन्ही शब्द माळेगावच्या यात्रेत उभं राहून मोठ्यानं म्हणा, खंडोबाच्या दर्शनाला आलेल्या कुणालाही दोन्हीही सारखेच परके. हे मला कॉलेजात शिकवताना कधी सुचलं नव्हतं, आर्ट्स कॉलेजच्या पायऱ्यांवर डबा खाताना सुचलं. मास्तरांना सांगितलं तर म्हणाले, "मग तुमच्या वडिलांना काय फरक पडला असेल?" हा प्रश्न चांगला होता, पण फरक पडला होता. उर्दूत चव्वेचाळीस पडतात ते उगीच नाही.

कारण हैदरींचा युक्तिवाद निर्दोष होता, त्यातला फक्त एक शब्द गुपचूप बदलला गेला. दीड कोटींच्या वर वस्तीच्या त्या संस्थानात निम्मे लोक तेलुगू बोलत, पाव हिस्सा मराठी, कानडी आणि उर्दू बोलणारे साधारण दहा-दहा टक्क्यांच्या आसपास. मातृभाषेच्या नावानं जे मागितलं ते दहातल्या एकाला मिळालं. बाकी नऊ जणांना इंग्रजीऐवजी दुसरी परकी भाषा. तर्कशास्त्रात याला आम्ही मधल्या पदाचा दोष म्हणतो, एकच शब्द दोन ठिकाणी दोन अर्थांनी. वर्गात मी याची पुस्तकी उदाहरणं देत आलो, आणि घरात, पेटीत, खरं उदाहरण पडून होतं.

पण म्हणून ते विद्यापीठ नुसतं अन्यायाचं घर होतं असं मी म्हणणार नाही. इथंच मराठी विभाग होता. चिं. नी. जोशी तिथं मराठी शिकवत, पुढं ना. गो. नांदापूरकर. नांदापूरकरांनी मुक्तेश्वर आणि मोरोपंतांच्या महाभारतांवर प्रबंध लिहिला, आपल्या भागातल्या माणसानं, निजामाच्या राजधानीत बसून. त्यांचे भाचे नरहर कुरुंदकर हैदराबादच्या सिटी कॉलेजातच शिकले, इंटरला नापास झाले, आणि नांदेडला येऊन सबंध मराठवाड्याला विचार करायला शिकवलं. निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी बघा. त्या संस्थानाची उर्दू-फारसी त्यांनी अशी पचवली की शिवकाळाची फारसी साधनं मराठीत आणून ठेवली. लादलेल्या भाषेतूनही माणसं घेण्यासारखं घेतात. लादणाऱ्याला त्याचं श्रेय देऊ नये, इतकंच.

आणि त्याच आवारात १९३८ चा नोव्हेंबर. वंदे मातरम् म्हणायला बंदी झाली. आधी औरंगाबादच्या वसतिगृहात, मग इथं उस्मानियात पोरं अडून बसली. शेकडोंची नावं काढून टाकली. नागपूर विद्यापीठानं त्यांना प्रवेश दिला, ट्रंका-वळकट्या घेऊन ही मुलं नागपूरला गेली. त्या चळवळीतल्या विद्यार्थ्यांपैकी एक पी. व्ही. नरसिंह राव. नागपूरला शिकले, मराठी इतकी आपली केली की हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' तेलुगूत नेली. एका विद्यापीठानं बाहेर काढलं म्हणून एका तेलुगू माणसाला मराठी मिळाली.

वडिलांची वेळ नऊ वर्षांनी आली. ७ ऑगस्ट १९४७ ला स्टेट काँग्रेसनं भारतात सामील होण्याचा दिवस पाळला, पंधरा ऑगस्टला स्वामी रामानंद तीर्थ पकडले गेले, वर्ग ओस पडायला लागले. वडील तेव्हा निघाले. ते कुठल्या खोलीत राहत, कुठल्या बाकावर बसत, हे शोधायला आमच्याकडं काही साधन नव्हतं. एका कार्यालयात विचारलं, तिथल्या माणसानं आमच्या कागदाकडं न बघताच सोमवारी या म्हणून सांगितलं. लोह्याहून सोमवारी!

१९४८ नंतर काय झालं, ते आपण विसरतो. उर्दू गेली, आणि तिच्या जागी तेलुगू किंवा मराठी आली नाही. इंग्रजी आली. तीस वर्षं घडवलेली ती सगळी भाषा एका निर्णयानं वर्गाबाहेर गेली. अन्याय दूर झाला म्हणून आम्ही आनंदलो, पण हैदरींचा मूळ प्रश्न, परक्या भाषेत शिकणारं पोर निम्मं कसं उरतं, तो तसाच राहिला. १९९८ ला त्याच हैदराबादेत संसदेच्या कायद्यानं उर्दूचं वेगळं विद्यापीठ काढावं लागलं.

आपल्या इथं पुढं विद्येची दारं उघडली. १९५० ला नांदेडचं पीपल्स कॉलेज, त्याच साली औरंगाबादला डॉ. आंबेडकरांचं मिलिंद. आणि मौज बघा, ही कॉलेजं संलग्न होती उस्मानियालाच. बाबासाहेबांना जानेवारी १९५३ मध्ये डी. लिट. दिली तीही उस्मानियानं. मराठवाडा विद्यापीठ १९५८ चं. बाबासाहेबांचं नाव त्याला लागायला १९९४ उजाडलं, आणि त्यासाठी आपल्याच जिल्ह्यांतल्या वस्त्या जळल्या. तेव्हा विद्यापीठ कुणाचं, हा प्रश्न निजामाबरोबर संपला असं कुणी समजू नये. त्याच १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं विद्यापीठ झालं.

दुपारी सिटी कॉलेजला गेलो. १९२१ ची इमारत, लाल-पांढरी, जुनी, पोरांनी भरलेली. आत सोडतील की नाही शंका होती. मास्तरांनी पहारेकऱ्याशी दख्खनीत काही बोलणं केलं, त्यात 'इनके वालिद' एवढं मला कळलं, आणि त्यानं गेट उघडलं. जिन्याच्या दगडी पायऱ्या मधोमध झिजलेल्या. नात तिथं बसली आणि तिनं विचारलं, "आबा, पणजोबांनी तुम्हाला का नाही सांगितलं, की मीपण हेच शिकलो?"

मी तिला म्हटलं, त्यांना लाज वाटत असेल, शत्रूच्या विद्यापीठात चांगले मार्क मिळाल्याची. मास्तर म्हणाले, "नाही सर. तुम्ही मराठीत शिकत होता. त्यांना ते शब्द उर्दूतच येत होते. तुमच्याशी बोलायचं कसं?"

मला वडिलांचं एक आठवलं. मी प्राध्यापक झाल्यावर घरी वही तपासत बसलो की ते मागं येऊन उभे राहत. एकदा कर्तव्याच्या कल्पनेवर काही लिहिलं होतं, ते त्यांनी वाचलं, आणि "फर्ज" एवढंच म्हणून आत गेले. मला वाटलं, म्हातारपणी जुने शब्द तोंडात येतात.

परतीच्या गाडीत नातीनं अख्खी मार्कशीट देवनागरीत उतरवून घेतली, मास्तर सांगत गेले, ती लिहीत गेली. निजामाबादपर्यंत तिला स्वतःला तीन शब्द वाचता येत होते. नांदेडला उतरलो तेव्हा रात्रीचे पावणेबारा झाले होते आणि जीपवाला झोपला होता. तो कागद मी आज बरोबर आणला आहे. व्याख्यान संपल्यावर ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांनी ते ग्रंथालयात घेऊन या, मास्तर दर रविवारी दहा ते बारा इथं बसायला तयार आहेत. ते मागच्या रांगेत बसलेत, पण उभे राहणार नाहीत.